दाजींचं चांदीचं पाणी

माझी थोरली बहीण धावड्याला दिलेली. तिला मी आक्का म्हणते. तिचे मालक, म्हणजे माझे दाजी, गावात मोटार वायंडिंगचं दुकान चालवतात. विहिरीवरची जळालेली मोटार असो, स्टार्टर असो, नाहीतर गिरणीचं अडून बसलेलं मशीन असो, दाजींनी हात लावला की चालू होणार, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. मीही म्हणायचे. माझं भोकरदनला छोटंसं ब्यूटी पार्लर आहे. तिथला वाफेचा स्टीमर, केस वाळवायचं यंत्र, इन्व्हर्टर, सगळं दाजींच्याच हातून दुरुस्त झालेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की ह्या बाईचं दाजींशी पहिल्यापासूनच वाकडं होतं. तसं बिलकुल नव्हतं.

दुसऱ्या लॉकडाऊनच्या उन्हाळ्यात आक्काला ताप आला. ताप उतरला, पण खोकला बसून राहिला. दाजींचं दुकान बंद. कुणाची मोटार नाही, कुणाची हाक नाही, दिवसभर खाटेवर मोबाईल घेऊन लोळायचं. त्यात त्यांना एका माणसाचे व्हिडिओ सापडले. तो माणूस काचेच्या पेल्यात चांदीच्या दोन तारा सोडायचा, त्यांना बॅटरी जोडायचा, आणि ते पाणी घटाघटा पिऊन सांगायचा की आता जगातला कुठलाच रोग आपल्याजवळ फिरकणार नाही. डॉक्टरांना हे माहीत आहे पण ते सांगत नाहीत, असंही सांगायचा. दाजींना हे शेवटचं वाक्य फार आवडलं. कंपनीच्या माणसांनी हात टेकलेल्या मोटारी त्यांनी बाभळीखाली बसून चालू केल्या होत्या. मोठ्या लोकांना जमत नाही ते आपल्याला जमतं, हे त्यांनी अनुभवलेलं होतं. मग रोगाचंही तसंच असणार.

एसट्या सुरू झाल्यावर मी आक्काला बघायला गेले. चपला काढते न काढते तोच दाजी म्हणाले, "ये, तुला एक चीज दाखवतो."

स्वयंपाकघरात, ओट्यावर, तेलाच्या किटलीशेजारी ते यंत्र मांडलेलं होतं. लोणच्याची जुनी बरणी, तिच्या झाकणाला दोन भोकं, भोकांतून आत सोडलेल्या दोन तारा. तारांना चिमटे, चिमट्यांना वायर, वायर टीव्हीच्या डब्याच्या अडॅप्टरला जोडलेली. मधे एक लाल बारका दिवा. बरणीच्या गळ्याशी लोणच्याच्या तेलाचा पिवळा थर तसाच होता. तो धुवायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.

दाजींनी बटण दाबलं. दिवा लागला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एका तारेवर काळी लव उगवायला लागली. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी धरते तशी. ती वाढत गेली, हलायला लागली, आणि तिचे तुकडे सुटून पाण्यात तरंगू लागले. पाणी गढूळलं. दाजींनी झाकण उचललं, अंगठ्यानं ती काळी लव पुसली, अंगठा पॅन्टला घासला, आणि त्याच हातानं ताटलीतला चिवडा उचलून तोंडात टाकला.

"बघ, चांदी सुटून राह्यली पाण्यात," ते म्हणाले. "असे बारीक कण की डोळ्याला दिसत न्हाई."

"आन हे प्यायचं?"

"मंग काय आंघोळ करायची याच्यानं?" दाजी हसले. "तुझ्या आक्काचा खोकला कशानं गेला मंग? विचार तिला."

आक्का चुलीजवळ बसली होती. ती हो म्हणाली. खोकला गेला होता हे खरंच होतं. गावात बहुतेकांचा गेला होता, काही न पिताच, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

दाजींनी मला अर्धा पेला दिला. आग्रह म्हणजे केवढा! मी एक घोट घेतला. लहानपणी आपण नाणं जिभेवर ठेवतो ना, तशी चव. वर पाण्याला एक कोमट बुळबुळीतपणा, आणि पार मागून लोणच्याच्या मेथीचा वास. माझ्या घशातून ते उतरेचना. मी मोरीत जाऊन थुंकले आणि तिथंच चुळा भरल्या.

"थुकली?" दाजी दारात येऊन उभे राहिले. "लोकं अमृत म्हणून पिऊन राह्यले, आन तू थुकली?"

मी तोंड पुसत बाहेर आले तेव्हा माझी नजर आक्काच्या पायाकडं गेली. पायाची बोटं उघडी होती. जोडवी नव्हती. आईनं दिलेली कंबरेची साखळीही मग मला कुठं दिसली नाही. मी विचारलं, तर आक्का पदर सावरत म्हणाली, "सराफाकडून तारा वढून आणल्या त्याच्या. असं तरी कुठं घालून फिरत होते मी."

म्हणजे माझी बहीण रोज स्वतःचेच दागिने पीत होती. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी किती वेळा थुंकी गिळली सांगता येत नाही, ती चव काही जाईना.

पुढं दाजींनी यंत्र सुधारलं. सुरुवातीला ते बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी वापरत, त्यात तारा हळू झिजायच्या. मग त्यांनी नळाचं पाणी घेतलं आणि त्यात चिमूटभर मीठ टाकलं. "मीठ टाकलं की जल्दी होतं," ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. मिठाच्या पाण्यात ते मिश्रण दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि उन्हात ठेवलं की जांभळट, मग तपकिरी. गटाराच्या कडेला साचतं त्या रंगाचं. बरणीच्या तळाला हिरवट गाळ बसायचा. आक्का सकाळी उठल्यावर एक पेला आणि रात्रीच्या जेवणावर एक पेला ते पाणी प्यायची. डोळे मिटून, एका दमात, जसं लहानपणी आई आम्हाला एरंडेल पाजायची तेव्हा प्यायची तसं.

गावातली माणसं बाटल्या घेऊन येऊ लागली. दाजी कुणाकडून काही घ्यायचे नाहीत. मला वाटतं तेच जास्त वाईट झालं. विकत असते तर लोकांनी दोनदा विचार केला असता. फुकट मिळणाऱ्या औषधावर आणि ते देणाऱ्या माणसावर कुणी शंका घेत नाही. कुणी ते जखमेवर लावायचं, कुणी शेळीच्या सडाला. एका म्हातारीच्या डोळ्यांत दाजींनी स्वतः थेंब सोडलेले मी पाहिले. अंगठ्याचं नख काळं, त्या नखाजवळून थेंब ओघळत डोळ्यात. म्हातारी हात जोडून म्हणाली, "देव भलं करो तुमचं." दाजींनी मान अशी काही हलवली की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

भाचीची, म्हणजे आक्काच्या मुलीची, सोयरीक बदनापूरला जमली. ती संभाजीनगरला नोकरीला होती, घरी क्वचितच यायची. साखरपुड्याच्या आधी आक्का माझ्याकडं भोकरदनला आली. मी म्हटलं, बस, आज तुझे हात-पाय नीट करून देते, शेतात काम करून पार फुटलेत. कोमट पाण्यात तिचे हात बुडवले, मळ काढला, आणि नखं घासायला घेतली.

नखांच्या मुळाशी जी पांढरी चंद्रकोर असते ती तिच्या प्रत्येक बोटाला निळसर करडी होती.

मला आधी वाटलं मेंदीचा काहीतरी प्रकार. लिंबू चोळलं. मग खायचा सोडा. मग नेलपॉलिश काढायचं औषध. काही हललं नाही. रंग नखावर नव्हता, नखाच्या आत होता. माझ्या कामात मी शेकडो बायकांचे हात धरलेत. भेगा, खरूज, नायटे, सुपारीनं किडलेले दात, डोक्यातल्या उवा, सगळं बघितलंय आणि हात मागं घेतलेला नाही. त्या दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीचा हात माझ्या हातात होता आणि मला शिसारी आली. मेलेल्या माणसाची नखं अशी असतात. आमची आई गेली तेव्हा तिची अशी झाली होती.

"आक्का, तोंड उघड बरं," मी म्हटलं.

हिरड्यांच्या कडेनं तशीच करडी रेघ.

"कशानं झालं हे?"

"काय की. कपाशीच्या फवाऱ्यानं झालं असंल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तुझे दाजी म्हनतेत, अंगातली घाण बाहेर पडून राह्यली."

"आन तू अजून पितीस ते?"

"आता तीन येळा."

मी तिच्याशी भांडले. आरशासमोर, हातात तिची बोटं धरून भांडले. ती म्हणाली, तू शहरात राहतीस, तुला काय माहीत, आमच्याकडं एवढ्या लांबून लोक येऊन राह्यले ते काय येडे हेत का. मी म्हटलं, हो, येडे हेत. ती उठली आणि अर्धवट हातांनीच एसटी स्टँडकडं निघून गेली.

साखरपुड्यात मला ती सावलीत बसलेली दिसली, चेहऱ्याला पावडर लावून. पावडरीखालून रंग कळत होता. उन्हाळा आला तसा तो झपाट्यानं वाढला. कपाळ, गाल, मान, हाताची वरची बाजू, जिथं जिथं ऊन लागायचं तिथं पाटीचा रंग. डोळ्यांच्या पांढऱ्यातसुद्धा एक मळकटपणा आला. पोटरी आणि पोट मात्र पूर्वीसारखं गव्हाळ. दोन वेगवेगळ्या बायका शिवून एक केल्यासारखी ती दिसायची.

माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या बायका विचारायच्या. "तुमच्या बहिणीला काळी कावीळ झाली का?" एकीनं विचारलं. दुसरी भुवया करून घेता घेता म्हणाली, "बाई, ते लागट तर न्हाई ना? तुम्ही हात धुतले का?" तिची भुवई मी दोऱ्यानं जरा जास्तच जोरात ओढली. तिच्या डोळ्यात पाणी आलं, मी सॉरी म्हटलं नाही.

शेवटी भाचीनं सुट्टी काढली आणि आम्ही दोघींनी आक्काला जालन्याला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दाजी स्वतःहून सोबत आले. एका पिशवीत ते यंत्र घेऊन आले होते. त्यांना वाटत होतं डॉक्टर थक्क होतील.

डॉक्टरीणबाईंनी आक्काची नखं पाहिली, हिरड्या पाहिल्या, गालावर बोट दाबून सोडून पाहिलं. मग विचारलं, "पोटात काय घेता? भस्म? कुठली पुडी?"

दाजी पुढं झाले. पिशवीतून बरणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "मी बनवलंय," ते म्हणाले. "चांदीचं पाणी. शुद्ध चांदी हे मॅडम, मिलावट न्हाई. हा डीसी सप्लाय. मधी लाइट टाकला, करंट चालू हे का न्हाई ते कळायला."

डॉक्टरीणबाईंनी बरणीला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "हे आजपासून बंद. चांदी कातडीत जाऊन बसली आहे. उन्हानं ती काळी पडते."

"मंग आता औषध काय?" आक्कानं विचारलं.

"पिणं थांबवलं की आणखी वाढणार नाही. उन्हात तोंड झाकून जा. मूत्रपिंडाची, लिव्हरची तपासणी करून घेऊ."

"रंग जाईल का?"

त्यांनी आक्काकडं पाहिलं. "नाही हो. गोळ्या-मलमानं हा रंग जात नाही. खोटं सांगून उपयोग नाही."

भाची रडायला लागली. दाजी मात्र बोलतच होते. कणांचा आकार, मिठाचं प्रमाण, परदेशात लोक कसे वर्षानुवर्षं पितात. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मधेच थांबवलं.

"तुम्हीही पिता ना? या इकडं. हात दाखवा."

दाजींनी हात पुढं केले नाहीत. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मी त्यांचा हात मनगटाशी धरला आणि टेबलावर ठेवला. बोटांना ग्रीस होतं, अंगठ्याचं नख काळं होतं, पण बाकीच्या नखांच्या चंद्रकोरी स्वच्छ होत्या, पांढऱ्या आणि गुलाबी.

"तुम्ही पीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी..." दाजींनी घसा साफ केला. "सुरुवातीला घेतलं एक-दोनदा. मला ती चव सहन होत न्हाई. उलटीसारखं होतं. आन मला तसा काही आजारबी न्हाई."

आक्का मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या त्या करड्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. मला मात्र ते पाणी थुंकताना आली होती त्याच्या कितीतरी पटीनं शिसारी आली. ह्या माणसाच्या हातचा पेला ती डोळे मिटून पीत होती, आणि हा समोर बसून बघत होता. रोज. चव आवडत नाही म्हणून स्वतः न पिता.

बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर आम्ही बसलो. दाजी पिशवी छातीशी धरून लांब उभे होते, जणू कुणी ती हिसकावून घेईल. आक्कानं रसाचा ग्लास हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. "मला काही पाजू नका आता," ती म्हणाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी धावड्याला गेले तर आक्काच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत कापड बांधलेलं. सोडून पाहिलं. कातडी सोलवटलेली, लालभडक, मधे मधे पू धरलेला, आणि कडेनं तोच करडा रंग. दाजींनी चांदीची भांडी घासायची पावडर आणली होती. त्यांना वाटलं चांदी काळी पडली तर पावडरीनं उजळते, मग हीही उजळेल. त्यांनी काथ्यानं तिचा हात घासला होता. ती त्यांना घासू देत होती.

"त्यांच्या डोळ्यात पाणी होतं गं," आक्का म्हणाली. "घासून राह्यले आन रडून राह्यले."

मला त्या रडण्याची दया यायला हवी होती कदाचित. आली नाही. त्या पुवाचा, काथ्याचा, पावडरीचा विचार करून मला अंगभर काटा आला. त्या माणसाला अजूनही वाटत होतं की माझी बहीण ही एक मोटार आहे आणि नीट घासली की चालू होईल. मी जखम धुतली, मलम लावलं. दाजी दारातून विचारत होते, "जास्त जोरात झालं का?" मी हातावर नवी पट्टी बांधली.

आक्काचं पिणं बंद झालं, पण यंत्र बंद झालं नव्हतं. हे मला त्याच दिवशी दुपारी कळलं. आम्ही ओसरीवर बसलो होतो. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई आली, हातात रिकामी बाटली, सोबत गरोदर सून. "दाजीबा हेत का? पोरीला उलट्या होऊन राह्यल्या, थोडं पाणी द्या म्हनलं."

दाजी आतून "आलो, आलो" म्हणाले. बाटली घ्यायला ते दारापर्यंत आलेसुद्धा. मी उठणार तेवढ्यात आक्का उठली. डोक्यावरचा पदर तिनं मागं टाकला, ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि अंगणात भर उन्हात जाऊन उभी राहिली.

"इकडं ये," ती त्या सुनेला म्हणाली. "उजेडात ये. माझं तोंड बघ नीट. हे हात बघ. हे डोळे बघ. मी वर्षभर पेले हे पाणी." मग त्या सासूकडं वळून, "आता सांग. भरून देऊ का बाटली?"

सासूनं पदरानं नाक झाकलं. माझ्या बहिणीकडं ती ज्या नजरेनं बघत होती ती मी ओळखली. माझ्या पार्लरमधल्या बायकांची तीच नजर होती, आणि नखं घासताना माझीही तीच होती. ती सून मात्र पुढं आली. तिनं आक्काचा हात हातात घेऊन बघितला, आणि म्हणाली, "दुखतं का हो?"

"न्हाई," आक्का म्हणाली. "दुखत न्हाई. जा घरी. लिंबू-साखर घे आन दवाखान्यात दाखव."

त्या गेल्या. आक्का आत आली, बरणी उचलली आणि पाणी मागच्या नालीत ओतलं. दाजी "अगं, तार तरी राहू दे" म्हणत मागं गेले. तिनं तारा त्यांच्या पायाशी टाकल्या. पुढं जो कुणी बाटली घेऊन आला त्याला आक्का आधी उन्हात उभं करायची आणि स्वतःचं तोंड दाखवायची. महिन्याभरात लोक यायचे थांबले. दाजींनी अडॅप्टर पुसून परत टीव्हीच्या डब्याला जोडला, आणि संध्याकाळी त्यावर बातम्या बघायला लागले. तसाच लाल दिवा आता टीव्हीखाली लागायचा. मला ते घर किळसवाणं वाटायचं ते त्या बरणीमुळं नाही, ह्या असल्या सोयीस्कर विसरण्यामुळं. माफी सोडाच, "चूक झाली" एवढंसुद्धा ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "मी चांगल्यासाठीच केलं ना." आणि मग, "कुणाकडून काही घेतलं का मी?"

भाचीचं लग्न बदनापूरला एका हॉलमध्ये झालं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, स्टेजवर बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या. आक्कानं पांढरी साडी नेसायचा हट्ट धरला. मी म्हटलं, आक्का, पांढऱ्यावर जास्त दिसेल. ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या लग्नात मी काय जांभळं नेसू?" मी तिचा मेकअप करायला बसले. आधी केशरी रंगाचं कन्सीलर, त्यावर फाउंडेशनचे थर, त्यावर पावडर. निळसरपणा झाकायला एवढं लावावं लागलं की तिचा चेहरा पुट्टी मारलेल्या भिंतीसारखा झाला. उकाडा होता. थोड्या वेळात कानाजवळून घाम फुटला आणि त्यातून करड्या रेघा ओघळल्या. क्रीमचा आणि घामाचा आंबट वास येत होता. मी परत थापायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"पुसून टाक."

"आक्का, लोक..."

"पुस म्हनते ना. आंगावर गू लेपल्यासारखं वाटून राह्यलं."

मी ओल्या कापडानं सगळं पुसलं. कापड नारिंगी झालं. आक्का उठली आणि तशीच हॉलमध्ये गेली. वंदना सुरू झाली तेव्हा ती पहिल्या रांगेत हात जोडून उभी होती. मागच्या बायका कुजबुजत होत्या. व्याह्यांच्या घरातली एक म्हातारी तिच्या शेजारची खुर्ची सोडून दुसरीकडं जाऊन बसली. दाजी दारापाशी लोकांना अत्तर लावत उभे होते. नवे कपडे, केस काळे केलेले, हसतमुख. त्यांना बघून कुणीही म्हणालं असतं, किती भला माणूस आहे.

लग्नाचा अल्बम आला तेव्हा मी धावड्यालाच होते. आक्कानं पानं उलटली. प्रत्येक फोटोत ती गोरीपान होती, गुलाबी गाल, चकचकीत. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर तिचा सगळा चेहरा बदलून टाकला होता. तिनं एका फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कोन?"

मी त्या फोटोग्राफरकडं गेले. तो म्हणाला, "मॅडम, मी तर चांगल्यासाठीच केलं. जास्तीचे पैसेबी लावले न्हाई." हेच वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मी त्याला म्हटलं, जसा होता तसा एक काढून दे. त्याला कळेचना. असा फोटो कुणाला कशाला हवा असतो? शेवटी तोंड वाकडं करत त्यानं एक मोठा प्रिंट काढून दिला. स्टेजवरची आक्का, पांढऱ्या साडीत, पाटीच्या रंगाची, लेकीच्या डोक्यावर अक्षता नव्हे तर फुलं टाकताना. हसतेय.

तो फोटो आक्कानं पुढच्या खोलीत लावला. येणारा-जाणारा आधी फोटो बघतो, मग तिला. ती चहा करायला जाते. दाजी आता जेवायला बसतात ते त्या भिंतीकडं पाठ करून. मोबाईल समोर टेकवलेला असतो, आणि त्यात कुणीतरी चुंबकानं पाणी कसं शुद्ध करायचं ते सांगत असतं.